कोपऱ्यातला काळा पट्टा

माझ्या वडिलांच्या मातीला आलेल्या पहिल्या माणसाला दार माझ्या वडिलांनीच उघडलं.

हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे आणि ऐकणारा दर वेळी हसतो. हसायला माझी हरकत नाही. पण मी त्या वेळी त्यांच्या मागे हातात कणकेचा गोळा घेऊन उभी होते. एवढ्याशा गोष्टीवरून एवढं होऊ शकतं, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी अमरावतीला राहते, शाळेत गणित शिकवते. आई-बाबा अकोल्याला. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीला करायचं ठरलं म्हणून ती माझ्याकडे आली होती. बाबा आले नाहीत. कारण काय, तर नळ. अकोल्यात नळाला रोज पाणी येत नाही, आणि येईल त्या दिवशी घरी माणूस नसला की पुढच्या पाळीपर्यंत शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. “मी तिकडं आलो आन इकडं नळ आला तं?” असं त्यांचं म्हणणं. बायकोच्या डोळ्यापेक्षा नळ मोठा झाला का, असं मी फोनवर तडकून विचारलंसुद्धा. आई काही बोलली नाही. ती तशीही फार बोलत नाही. आमच्या घरातलं सगळं बोलणं बाबाच करून टाकतात.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावलं की वाकायचं नाही, धक्के खायचे नाहीत, आठवडाभर प्रवास नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. “आणि रडायचं तर अजिबात नाही बरं का, आजी,” असंही ते हसत हसत म्हणाले. आईने मान डोलावली. रडायचं कारणही नव्हतं.

रविवार आला तेव्हा मी आईला घरी ठेवून सकाळच्या पहिल्या गाडीने अकोल्याला गेले, बाबा काय खातायत ते बघायला. ते चिवडा खात होते. सकाळी चिवडा, दुपारी चिवड्यावर दही. मला पाहून त्यांना आनंद झाला, पण माझ्या हातातल्या डब्याचा नव्हे, मोबाईलचा.

आमच्या भावकीचा एक ग्रुप आहे. भातकुलीचे, तिवशाचे, अमरावतीचे, पुण्याला गेलेले, सगळे त्यात. त्या दिवसांत तिथे जुन्या फोटोंची लाट आली होती. कोणी आपल्या लग्नातला टाकतोय, कोणी बैलजोडीबरोबरचा. बाबांचा स्वतःचा मोबाईल बटणांचा, आणि तोही ते बंद करून कपाटात ठेवतात, बॅटरी वाचवायला. पण लँडलाईनवर माझ्याकडून त्यांना सगळ्या बातम्या पोचत होत्या आणि आपला एकही फोटो तिथे नाही याचं त्यांना भारी वाईट वाटत होतं.

“माहा निरोपाचा फोटो टाक,” ते म्हणाले.

निरोपाचा म्हणजे पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले तेव्हाच्या समारंभाचा. मूळ अल्बम उधईने खाल्ला. त्याआधी कधीतरी एका ओळखीच्या दुकानात तो फोटो स्कॅन करून त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर घालून घेतला होता, आणि आता तो फक्त तिथेच होता. हा कॉम्प्युटर म्हणजे जाड पाठीचा, जुन्या टीव्हीसारखा मॉनिटर असलेला डबा. चालू होताना हुंकार देतो. त्याला इंटरनेट नाही. मी पर्समधला पेनड्राइव्ह लावून पाहिला, त्याने ओळखच दाखवली नाही. मग मी म्हटलं, त्यात काय एवढं, पडद्याचाच फोटो काढते मोबाईलने.

पडद्यावर बाबा झकास दिसत होते. काळेभोर केस, गळ्यात झेंडूचा भला मोठा हार, कपाळावर टिळा, हातात नारळ, मागे स्टेजचा गडद निळा पडदा. मी फोटो काढला आणि बघते तर बाबांच्या नाकावरून आडवा काळा पट्टा गेलेला. डोळ्यांना पडद्यावर काहीच दिसत नाही, सगळं लख्ख, आणि फोटोत मात्र हातभर काळं. दुसरा काढला तर पट्टा गळ्यावर. तिसऱ्यात टिळ्यावर. एकदा तर बाबांचं नुसतं पोट आणि नारळ आला.

“बाबा, हे काळं काहून येऊन राहिलं?”

“तुह्या मोबाईलमंदी खराबी हाये,” बाबा म्हणाले. “माह्या कॉम्प्युटरले काई झालं नाही.”

मी इरेला पेटले. खिडकी लावली, उघडली. पुढे गेले, मागे आले. खुर्चीवर चढले. शेवटी वैतागून मोबाईल आडवा धरला, आणि काय आश्चर्य, पट्टाही आडवा राहिला नाही, तिरपा झाला. वीसेक फोटो काढल्यावर एक असा मिळाला की बाबांचा चेहरा, हार, नारळ सगळं स्वच्छ, आणि काळा पट्टा फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यावरून तिरका गेलेला. मी बाजूची टेबलाची कड, भिंत वगैरे कापून टाकली. कोपरा कापता येईना, कारण तिथे बाबांचे केस कापले जात होते. राहू दे म्हटलं, कोपऱ्यातच तर आहे.

तेवढ्यात मोबाईलने बॅटरी संपत आल्याची ओरड केली. मी घाईघाईने फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं ‘आमचे बाबा’, आणि आमच्याकडे सगळेच लावतात तसे दोन जोडलेले हात लावले. फोटो गेल्याची खूण आली. मी चार्जर लावला आणि लाईट गेली. पंखा थांबला, कॉम्प्युटर थांबला, पाचएक मिनिटांनी मोबाईलही मेला.

आता हे वाचणाऱ्याने क्षणभर डोळ्यांसमोर आणावं. हार. टिळा. कोपऱ्यावरून तिरका काळा पट्टा. ‘आमचे बाबा’. जोडलेले हात. मी रोज शेकडो पोरांच्या वह्या तपासते, एक उणे-अधिक चुकलेलं मला लांबून दिसतं. हे मला दिसलं नाही. बाबांनाही दिसलं नाही. त्यांनी तर फोटो पाहून, “वा, येक नंबर,” म्हटलं.

मी निवांत स्वयंपाकाला लागले. बाबा लसूण सोलायला बसले. मध्येच लँडलाईन वाजली. आमच्या घरी तो फोन अजून आहे, कारण बाबा म्हणतात लाईट गेली तरी तो चालतो, आणि त्या दिवशी तो चाललाही. बाबांनी उचलला.

“हॅलो. हॅलो! कोण बोलून राहिलं?” पलीकडून काही उत्तर नसावं. बाबांचा आवाज चढत गेला. “अरे बोलत काहून नाही? फोन लावता आन तोंड शिवून बसता काय? हॅलो!”

मग त्यांनी आपटला. “कोनी तरी नुसतं ऐकून राहिलं होतं,” ते म्हणाले आणि परत लसणाकडे वळले.

त्यानंतर काही वेळाने फाटकाशी गाडी थांबली. “काका गा!” असा काळीज चिरणारा आवाज आला. बाबा उठले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर त्यांचा भातकुलीचा पुतण्या, माझा चुलतभाऊ, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, डोळे लाल. मागे गाडीत आणखी चारपाच टोप्या.

“काहून रडून राहिला बे?” बाबा म्हणाले. “कोण मेलं?”

भावाने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. तो दोन पावलं मागे गेला, पायरीवर त्याचा पाय चुकला आणि तो तिथेच मटकन बसला.

“तुमी,” तो म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला खरोखर काही कळेना. भावाने आपला मोबाईल काढून दिला, आणि मी पडद्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या मोबाईलवर, एवढ्याशा चौकोनात, तो फोटो दुसरं काहीही वाटणं शक्यच नव्हतं. चौकाचौकांत लागणाऱ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससारखा हुबेहूब. आणि त्याच्याखाली ओळीने भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली.

“फोन नाही करत का रे एक?” मी किंचाळलेच.

“ताई, मेल्याच्या घरी फोन करून कोनी विचारते काय, खरंच मेले का म्हणून?” तो म्हणाला. “टावेल घ्याचा आन निंगाचं.”

त्याचं बरोबरच होतं. आमच्याकडे असंच आहे. मयत कळली की चौकशी करत बसणं हे वाईट दिसतं. माती चुकायला नको म्हणून माणूस जेवतं ताट सोडून निघतो. मीही तशी कितीदा निघाले आहे. एकाने ग्रुपवर विचारलं होतं, माती किती वाजता? दुसऱ्याने लिहिलं होतं, चार वाजता असेल. तिसऱ्याने त्यातलं ‘असेल’ काढून टाकून पुढे पाठवलं. माझं उत्तर येत नव्हतं, तर कोणीतरी लिहिलं होतं की तिला सध्या त्रास देऊ नका, तिची मनःस्थिती नाही. पुण्याच्या एकाने अस्थींचा विषयसुद्धा काढला होता, आणि वर्धेच्या काठी कौंडण्यपूरला न्याव्यात यावर बहुमत झालं होतं.

बाबांनी चष्मा लावला आणि मोबाईल हातात घेऊन उभ्याउभ्या सगळं वाचलं. माणूस स्वतःच्या श्रद्धांजल्या वाचतोय हे मी पहिल्यांदा पाहिलं. सुरुवातीला त्यांना मजा वाटत होती. “हा पाय, हा,” ते एका नावावर बोट ठेवून म्हणाले, “शेताच्या धुऱ्यावरून माह्याशी भांडला, तोंड पाहत नोता, आन इथी लिहून राहिला देवमाणूस गेला म्हणून. मेल्यावर बरा झालो मी!” मग खाली गेले. “आन हे पाय, कौंडण्यपूरले नेऊन राहिले मले.”

भावाने तातडीने ग्रुपवर लिहिलं, काका जिवंत आहेत. लगेच एकाचं उत्तर आलं: हो, ते आपल्या आठवणींत सदैव जिवंत राहतील. मला वाटलं आता मी वेडी होणार.

गाडीतले चारपाच जण खाली उतरून बाबांना हात लावून पाहत होते, कोणी हसत होतं, कोणी देवाचं नाव घेत होतं. त्या गलक्यातच बाबांनी मोबाईल भावाला परत दिला.

“तुह्या मायनं पायलं असन काय हे?” त्यांनी मला विचारलं.

खरं सांगते, तोवर मला आईची आठवणच झाली नव्हती. आईकडे असला मोबाईल नाही, बटणांचाच आहे. पण कोणीतरी सांगितलं असेल. डॉक्टरांचं बोलणं आठवलं. रडायचं नाही बरं का, आजी. फोनशेजारच्या वहीत नंबर बघून मी लँडलाईनवरून लावत सुटले. आईचा फोन वाजत राहिला. नवऱ्याला लावला. तो सकाळपासून एका नातेवाइकाच्या शेताकडे गेला होता, तिथे रेंज नसते, लागला नाही. शेवटी अमरावतीच्या शेजारच्या काकूंना लावला, आणि त्या माझा आवाज ऐकताच हुंदके द्यायला लागल्या.

“आईला नेलं ना गं तिकडे. तिवशाची आत्या आली होती गाडी घेऊन. केव्हाच निघाले.”

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिवशाहून अकोल्याला यायचं तर वाट अमरावतीवरूनच आहे. भाऊ गेल्याचं कळल्यावर ती निघाली, वाटेत वहिनीला घेतलं. तिने तरी दुसरं काय करायचं होतं? आता त्या गाडीत माझी आई होती, ऑपरेशन झालेला डोळा घेऊन, रस्त्याचे धक्के खात, आपला नवरा गेला असं समजून. आणि आत्या शेजारी बसून रडत असणार. आत्या रडायला लागली की भिंतीला पाझर फुटतो. मी आत्याच्या मुलाला फोनवर फोन लावले. एरवी तो एका हाताने गाडी चालवतो आणि दुसऱ्या हाताने बोलतो. त्या दिवशी त्याने उचलला नाही. दुःखाच्या प्रसंगी मोबाईल बंद ठेवावा, असं त्याला नेमकं तेव्हाच सुचलं होतं.

मला रडू फुटलं. बाबा रडले नाहीत. त्यांनी फाटकाकडे पाहिलं. एव्हाना तिथे आणखी एक गाडी आली होती, गल्लीतले लोक जमले होते, पांढऱ्या टोप्यांचा घोळका झाला होता.

“हे सगळे आत घे,” बाबा मला म्हणाले. “एकही बाहेर नको. गर्दी दिसली की तिले खरंच वाटन.”

मग ते आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांनी अंगातला पांढरा सदरा काढून लाल चौकड्यांचा शर्ट घातला होता, मी दिवाळीला दिलेला, त्यांनी एकदाही न घातलेला. चपला घातल्या आणि ते गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, बाबा, ऊन आहे, खुर्ची आणते.

“बसलेला नको. उभा दिसलो पायजे. दुरून.”

आणि ते उभे राहिले. ऐंशीला टेकलेला माणूस. आत आमच्या घरात मातीला आलेले लोक दाटीवाटीने चहा पीत बसले होते आणि बाहेर ज्याची माती तो उन्हात ताठ उभा राहून अमरावतीकडून, मूर्तिजापूरच्या बाजूने येणारी प्रत्येक गाडी निरखत होता. मी त्यांच्या शेजारी उभी होते. नळासाठी बायकोला एकटं सोडणारा माणूस म्हणून मी त्यांना नावं ठेवली होती. मी हात धरायला गेले तर त्यांनी झटकून टाकला.

गाडी आली. आधी आत्याचा आवाज आला, मग गाडी. आत्याच्या मुलाने बाबांना पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. मला त्या धक्क्याचीच भीती वाटली. मागचं दार उघडलं. आत्या अर्धी बाहेर आली, तिने भावाला पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं रडणं मधेच तुटलं. तिच्या मागून आई उतरली. काळा चष्मा, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. ती गाडीचा दरवाजा धरून उभी राहिली आणि बाबांकडे बघत राहिली. एवढा वेळ की मला वाटलं, तिला दिसतच नाहीये.

शेवटी बाबाच खेकसले, “डॉक्टरनं हलू नको म्हटलं होतं नं तुले?”

“तुमाले मराले कोनं सांगतलं होतं?” आई म्हणाली.

मी तिला धरून घरात आणलं, पलंगावर बसवलं, चष्मा काढून डोळा पाहिला. मला वाटलं होतं लालभडक झाला असेल, सुजला असेल. डोळा कोरडा होता. नुसता कोरडाच नाही, शांत. दुसऱ्या दिवशी अमरावतीला डॉक्टरांनीही तपासून काही झालं नाही म्हणून सांगितलं. फक्त प्रवास केल्याबद्दल मला झापलं. पण त्या दुपारी मी हबकले. एवढं ऐकून, दोन तास आत्याच्या रडण्याशेजारी बसून, आई रडली नव्हती?

“रडली कुठी!” आत्या म्हणाली. ती आता भावाचा हात सोडतच नव्हती. “मी रडून रडून अर्धी झालो. ही दगडासारखी बसून. घरी गेलो, सांगतलं, तं मले म्हणे थांब, आन फोनाजवळ गेली. कोनाले तरी लावला, कानाले धरला, ठेवला. येक शब्द नाही. मी कुंकू पुसाले गेलो तं माहा हात असा पकडला, असा पकडला! म्हणे, अकोल्याले गेल्यावर पाहू.” तिने मनगट दाखवलं.

मी आईकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

“तो फोन तुहा होता?” बाबा म्हणाले.

आई पदराचं टोक नीट करत बसली. लँडलाईनचा नंबर भावकीत कोणालाच पाठ नव्हता. तिला होता.

“म्हंजे तुले माहीत होतं?” आत्या किंचाळली. “हा जित्ता हाये हे तुले माहीत होतं आन दोन तास मले रडू देल्लं?”

“आवाज आयकला मी,” आई म्हणाली. “तोंड शिवून बसता काय म्हणून ओरडले. असं दुसरं कोनी ओरडत नाही. पण मंग फोन ठेवला आन वाटलं, खरंच आयकलं का मी? का मलेच वाटलं?” ती थांबली. एवढं सलग ती वर्षातून एकदा बोलत असेल. “तुले काय सांगू मंग?”

“अवं, मंग परत लावाचा!” बाबा म्हणाले. “बोलाचं!”

“बोलाले आवाज निंगाला नाही.” मग ती हळू म्हणाली, “आन परत लावला असता, आन कोनी नसता उचलला तं?”

बाबा उठून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले. मी जाऊन पाहिलं तर ते नळाच्या तोटीशी उभे होते. नळाला पाणी नव्हतं. मी तशीच परत फिरले.

उन्हं कलल्यावर लाईट आली. लोक एकेक करून निघाले होते. मोबाईलमध्ये जीव येताच मी पहिलं काम केलं ते हे शोधण्याचं, की पडद्याचा फोटो काढला की काळा पट्टा का येतो. उत्तर इतकं साधं निघालं की मला माझ्याच शिक्षकपणाची लाज वाटली. त्या जुन्या मॉनिटरचा पडदा एकदम उजळत नाही. उजेडाची रेघ वरून खाली पळत असते, सेकंदाला साठेक वेळा. दिवाळीत पोर फुलझडी गोल फिरवतं आणि आपल्याला अख्खं कडं दिसतं, तसा आपल्याला अख्खा पडदा दिसतो. मोबाईल मात्र इतक्या झटक्यात डोळा मिटतो की तेवढ्यात रेघ पडदाभर पोचलेलीच नसते. उरलेला भाग काळा. उपाय एवढाच की मोबाईलला सावकाश बघायला लावायचं. कॅमेऱ्यात हाताने वेग ठरवायची सोय असते, तिथे सेकंदाचा साठावा भाग किंवा त्याहून संथ ठेवायचं. आणि संथ ठेवलं की मोबाईल अजिबात हलता कामा नये.

“आता काढतेच,” मी म्हटलं. ग्रुपवर बाबांचा धड फोटो गेल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती. लोक अजूनही विचारत होते. मी तांदळाचा डबा टेबलावर ठेवला, त्याला मोबाईल टेकवला, वेग सेकंदाच्या पंधराव्या भागावर आणला आणि हात हलू नये म्हणून आपोआप फोटो निघायची वेळ लावली. सगळ्यांनी श्वास रोखले. खटक झालं.

पट्टा नव्हता. कुठेच नव्हता. हार, टिळा, नारळ, केस, कोपरे, सगळं लख्ख. पण बाबांच्या शेजारी, स्टेजच्या त्या गडद निळ्या पडद्यावर, आणखी कोणीतरी उभं होतं. दिवसभरात एवढं झालं होतं की मला काहीही वाटू शकत होतं. मग नीट पाहिलं. मॉनिटरच्या फुगीर काचेत मागे पलंगावर बसलेली आई उमटली होती. काळा चष्मा, डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू. निरोपाच्या समारंभाला ती स्टेजवर नव्हती. खाली, मागच्या बाजूला, बायकांत बसली होती. आता ती बाबांच्या अगदी खांद्याशी होती.

“खिडकी लावते आणि परत काढते,” मी म्हटलं. “काचेत आई आली.”

बाबांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. चष्मा वर-खाली करत पाहिला. पलंगावरच्या आईकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं.

“काही परत काढू नको,” ते म्हणाले. “हाच टाक. बाजूले तुही माय हाये, कुंकू दिसून राहिलं. हे पाह्यल्यावर कोनी टावेल घेऊन निंगणार नाही.”